काळं आभाळ आणि उजेडाचा तुकडा: निसर्गचित्रात अर्थ कुठून येतो, आणि जलरंगात बिघडतो कुठे?

(ही चित्रकलेवरची एक चर्चा आहे; प्रत्येक भागावरचं नाव म्हणजे लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

ओला कागद

अमेरिकन निसर्गचित्रकार थॉमस कोलच्या 'द ऑक्सबो' (१८३६) या चित्राबद्दल जिथे वाचावं तिथे एकच सांगितलेलं असतं. डावीकडचा वादळी काळोख म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, उजवीकडचा उजेड म्हणजे कसलेली जमीन, वस्ती, सुधारणा. थोडक्यात काळोख वाईट, उजेड चांगला. पण हीच किल्ली घेऊन राउसडाल, फ्रीडरिख, टर्नर या युरोपातल्या निसर्गचित्रकारांच्या चित्रांपाशी गेलं की काही कुलुपं उघडतात, काही अजिबात नाहीत. मग चित्रात नेमकं काय बघून अर्थ ठरवायचा?

दुसरा प्रश्न हाताचा आहे. विषय सह्याद्रीतला जुलै: मागे काळं आभाळ, पुढे भातखाचरांवर पडलेला उन्हाचा एक तुकडा. जलरंग, ३०० जीएसएम कोल्ड प्रेस्ड (जाड, किंचित खरखरीत) कागद, पाव इम्पीरियल (साधारण ३८ बाय २८ सेंटिमीटर). आभाळाला पेनेस ग्रे, म्हणजे तयार मिळणारा निळसर करडा रंग. दर वेळी तीन गोष्टी बिघडतात. आभाळ मातकट होतं, वाळल्यावर फिकं पडतं, आणि अख्खं चित्र म्हणजे दोन वेगळी चित्रं शेजारी शेजारी चिकटवल्यासारखं दिसतं. तिसरं दुखणं सगळ्यात मोठं, कारण त्यात चित्राचा अर्थच जातो.

तांबडमाती

'ऑक्सबो'बद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. चित्राच्या पूर्ण नावात 'वादळानंतर' असा शब्द आहे: माउंट होल्योकवरून दिसणारं, वादळानंतरचं दृश्य. वादळ निघून चाललंय. काळोख आणि उजेड तिथे एकमेकांसमोर ठाण मांडून बसलेले नाहीत, एक जातोय आणि दुसरा येतोय. त्यामुळे कुठल्याही अशा चित्रापुढे उभं राहिलं की आधी हवा कुठल्या दिशेला सरकतेय ते शोधावं. पावसाच्या तिरप्या रेषा, ढगाची फाटलेली कड, झाडांचं झुकणं यांतून ते कळतं.

मग उजेड कशावर पडलाय ते बघा. 'ऑक्सबो'त कनेक्टिकट नदीच्या वळणापलीकडे जो डोंगर आहे, त्याच्या उतारावर झाडं तोडल्याचे ओरखडे आहेत आणि ते भर उजेडात आहेत. कोलने त्याच वर्षी अमेरिकेच्या निसर्गावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कुऱ्हाडीने चाललेल्या नासाडीबद्दलची त्याची हळहळ स्पष्ट आहे. म्हणजे त्या उन्हात शेतीचं कौतुक आहे आणि जंगलाची जखमही आहे. स्वतः कोल कुठे बसलाय? खाली, खडक-झुडपांत, चित्राच्या मानाने अगदी एवढासा, टोपी घातलेला, ईझल रानाच्या बाजूला मांडून. उजेडातल्या शेतात त्याने स्वतःला बसवलेलं नाही. 'सुधारणा चांगली' एवढंच म्हणायचं असतं तर ही जागा त्याने निवडली नसती.

त्याच काळात तो 'द कोर्स ऑफ एम्पायर' ही पाच चित्रांची मालिका करत होता (१८३३ ते १८३६). एकच खाडी, मागे तोच डोंगर, आणि एका साम्राज्याची गोष्ट एका दिवसाच्या उजेडात सांगितलेली. सगळ्यात लख्ख चित्र तिसरं आहे, भर दुपारचं, संगमरवरी वैभवाचं. घसरण तिथूनच सुरू होते. शेवटच्या चित्रात माणूस उरलेला नाही. एकटा खांब, त्यावर पक्ष्याचं घरटं, चांदणं, परत येणारी हिरवळ. यातली माजाची वेळ सर्वांत उजळ आहे आणि शांततेची मंद. 'उजेड म्हणजे चांगलं' हे सूत्र खुद्द कोललाच लागू पडत नाही.

किलकिले डोळे

वर हवेची दिशा आली. मी उजेडाच्या दिशेबद्दल लिहितो, कारण माझ्या मते निम्मा अर्थ तिथेच ठरतो.

सूर्य चित्राच्या आत, समोर असेल तर पुढची जमीन सावलीत जाते आणि उजेड लांब, क्षितिजापाशी राहतो. सतराव्या शतकात चित्रकार क्लोद लोरेंने सूर्य थेट चित्रात ठेवला आणि बाजूला गडद झाडाचा किंवा इमारतीचा आडोसा उभा केला, म्हणजे नजर आपसूक त्या उजेडाकडे ओढली जाते. अशा मांडणीत बघणारा अंधारात उभा असतो आणि हवं असलेलं सगळं पलीकडे असतं. ओढ, निरोप, परलोक, असे अर्थ त्यातून येतात. कास्पार डाव्हिड फ्रीडरिखने याच मांडणीचा धर्मासाठी वापर केला. त्याचं १८०८ चं डोंगरावरच्या क्रुसाचं चित्र घ्या, जे टेचेन अल्टार म्हणून ओळखलं जातं. सूर्य दिसत नाही, डोंगराआडून फक्त किरण वर येतात. समीक्षक रामडोरने त्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा फ्रीडरिखने चित्राचा अर्थ स्वतः सांगितला. मावळता सूर्य म्हणजे देव पृथ्वीवर थेट वावरत होता ते जुनं जग. ते संपलं. आता तो उजेड आपल्यापर्यंत क्रुसाच्या धातूवरून परावर्तित होऊन येतो. खडक म्हणजे श्रद्धा, सदाहरित झाडं म्हणजे आशा. इतका नेमका, चित्रकारानेच लावून दिलेला अर्थ फार कमी चित्रांना मिळतो. तोच अर्थ दुसऱ्याच्या सूर्यास्ताला चिकटवू नये.

सूर्य आपल्या पाठीशी असेल तर उलट होतं. समोरची जमीन, झाडं, घरं उजळतात आणि मागे ढग असतील तर आभाळ जमिनीपेक्षा गडद दिसतं. तुमचं खाचराचं दृश्य या जातीचं आहे. एरवी आभाळ हाच उजेडाचा उगम असतो, म्हणून ते जमिनीपेक्षा उजळ असतं. हा क्रम उलटा व्हायला दोन गोष्टी एकदम लागतात: ढग समोर आणि ऊन पाठीमागून, तेही बऱ्यापैकी तिरपं. संध्याकाळी कोकणाच्या बाजूने ढगाखालून ऊन घुसलं आणि तुम्ही पूर्वेला तोंड करून असलात की हे घडतं. यात अर्थ 'पलीकडे' राहत नाही. उजेड तुमच्या अंगावरून पुढे गेलाय, तुम्ही त्यात सामील आहात. तो क्षणाचाच आहे हेही मागचा ढग सांगतोच.

यातली नेहमीची चूक म्हणजे आभाळ काळं करून खाचर उजळवायचं आणि झाडांच्या सावल्या मात्र पुढे, आपल्या दिशेने पाडायच्या. सूर्य पाठीशी असताना सावल्या आपल्यापासून लांब, मागे पडतात आणि बहुतेक झाडाआडच लपतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण उजेड खोटा आहे हे त्याला जाणवतं. इंद्रधनुष्य घालायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, त्याचं केंद्र सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध असतं आणि त्रिज्या साधारण ४२ अंश. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसतच नाही.

पाणी कमी

मातकटपणा, फिकेपणा आणि 'दोन चित्रं' यांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून सुटी सुटी घेतो.

फिकेपणा आधी. सगळेच जलरंग वाळल्यावर उजळतात, पण पेनेस ग्रे त्यात पुढे आहे. ओला असताना कोळशासारखा आणि वाळला की पाटीसारखा. त्यात बहुतेक वेळा निळ्याबरोबर काळा रंग असतो, त्यामुळे आभाळ फिकं तर होतंच, वर निर्जीवही दिसतं. त्याऐवजी दोन भाग अल्ट्रामरीन (निळा) आणि एक भाग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या. निळा वाढवला की लांबचा पाऊस, सिएना वाढवला की ढगाचं जड पोट, आणि हे सगळं एकाच वाटीतून. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, ढगाला आपोआप पोत येतो. मिश्रण आधी कागदाच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्या आणि मगच ठरवा. ओलं असताना 'थोडं जास्तच काळं झालं' असं वाटलं तरच ते वाळल्यावर बरोबर बसतं. पाव इम्पीरियलच्या आभाळाला मोठे तीन-चार चमचे मिश्रण तयार ठेवा. मध्येच संपलं आणि पुन्हा कालवायला घेतलं की तेवढ्यात कड वाळते.

आता मातकटपणा. वाटीत तीनपेक्षा जास्त रंगद्रव्यं, त्यात कॅडमियम यलो किंवा पांढऱ्यासारखे अपारदर्शक रंग, आणि अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा पुन्हा फिरवलेला ब्रश. सगळ्यात जास्त नुकसान शेवटचं कारण करतं. पावसाळी हवेत कागद लवकर वाळत नाही, आपण उतावीळ होतो आणि ओलसर थरात आणखी ओला ब्रश टेकवतो. ते जास्तीचं पाणी अर्धवट बसलेले कण ढकलत नेतं आणि कोबीच्या फुलासारखी कड उमटते. नियम एकच: कागद जेवढा ओला, त्यापेक्षा ब्रश कोरडा हवा. कागद तिरपा धरून बघा. पाणी आरशासारखं चमकत असेल तोवर त्यात रंग सोडत राहा. चकाकी जाऊन नुसता ओलावा उरला की हात काढून घ्या आणि पूर्ण वाळेपर्यंत काही करू नका. पाटाच्या वरच्या कडेखाली चार-पाच सेंटिमीटरचा टेकू दिला की रंग खाली ओघळतो आणि पावसाची सर त्या ओघळातच तयार होते, वेगळी काढावी लागत नाही.

क्रम असा ठेवा. कागदभर रॉ सिएनाचा (पिवळसर मातकट रंगाचा) अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर, चहाच्या पाण्याइतका, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. ढगाखालून हीच ऊब झिरपते. मग फक्त आभाळाचा भाग स्वच्छ पाण्याने भिजवून ढगाचा रंग, वर जास्त आणि क्षितिजाकडे कमी. ते वाळल्यावर मधला डोंगर, आभाळापेक्षा जरा हिरवट आणि टोनला (उजळ-गडदपणाला) जवळपास तेवढाच. शेवटी खाचरं. उजेडाचा तुकडा शेवटी 'रंगवायचा' नसतो, तो पहिल्या वॉशपासून राखून ठेवायचा असतो. चायनीज व्हाइट या पांढऱ्या रंगाने मागाहून काढलेला उजेड खडूसारखा थंड दिसतो.

राहिलं 'दोन चित्रं'चं दुखणं. जागेचे जवळपास सारखे दोन भाग झालेत, त्यांच्या मधली कड सगळीकडे सारखीच तीक्ष्ण आहे, आणि एका भागाचा अंशही दुसऱ्यात नाही, म्हणून ते होतं. त्यासाठी आधी सहा बाय चार सेंटिमीटरचं छोटं रेखाटन फक्त तीन टोनमध्ये करा: गडद, मधला, उजळ. गडद निम्म्याहून जास्त, उजळ फार तर दहावा भाग. हे रेखाटन हातभर लांबून वाचता आलं नाही तर मोठ्या कागदाला हात लावू नका. मग कड. उजळ खाचराची एकच बाजू, सूर्याकडची, धारदार ठेवा. बाकी तीन ठिकाणी ती हरवू द्या, कुठे सरीत, कुठे झाडाच्या गर्दीत. शेवटी देवाणघेवाण. उजेडातल्या खाचरांवरून ढगाची एक पातळ सावली सरकू द्या आणि गडद डोंगरात दोन-तीन उजळ कण ठेवा. भिजलेल्या कातळाची धार किंवा बगळे पुरे.

हे बघायला राउसडालचं हार्लेम शहराचं दृश्य उत्तम, १६७० च्या दशकातलं, हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातलं. जवळपास दोन तृतीयांश आभाळ. खाली जमिनीवर सावली आणि उन्हाचे आडवे पट्टे आलटून पालटून. सगळ्यात पांढरा तुकडा ब्लीच करायला पसरलेल्या कापडांवर. उजेड-काळोख विणलेत, म्हणून सांधा कुठे दिसत नाही.

आणखी एक, खाचरातल्या पाण्याचं. पाणी म्हटलं की हात पांढरं ठेवायला जातो. पण समोर काळा ढग असेल तर स्थिर पाणी त्याचंच प्रतिबिंब देणार, म्हणजे पाणी गडद. उजळतात ती रोपं आणि बांधावरचं गवत. दोन अपवाद. नुकती चिखलणी झालेलं गढूळ पाणी उन्हात मातीच्या रंगाने उजळतं. आणि ढगाखाली क्षितिजापाशी आभाळाची उघडी फट असेल तर लांबची खाचरं तेवढी रुपेरी पट्टी पकडतात. काळ्या पाण्यातून वर आलेली पिवळसर हिरवी रोपं, हा फरक एका खाचरात जरी बरोबर आला तरी सगळ्या चित्रातला उजेड खरा वाटतो.

दिवेलागण

सगळ्यांनी युरोप-अमेरिकेची उदाहरणं दिली, म्हणून एक बाजू जोडते. काळ्या आभाळाचा अर्थ आपल्याकडे मुळातच वेगळा आहे. जून कोरडा गेलेल्या माणसाला काळा ढग म्हणजे वाईटाची चाहूल नव्हे, तीच आशा. पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांत पावसाळा म्हणजे गडद ढग, त्यापुढे पांढऱ्या बगळ्यांची माळ, सोनेरी नागमोडी वीज, आणि त्याखाली आनंदलेले मोर. बगळ्यांची ती माळ वर सांगितलेल्या 'गडदात उजळ कणां'चंच काम करते. त्याच परंपरेत रात्र दाखवायची तर आभाळ गडद, चंद्र किंवा मशाल, पण माणसांचे चेहरे मात्र दिवसासारखे स्वच्छ. काळोख तिथे प्रसंग सांगतो, वस्तू गिळत नाही.

जुलैच्या खाचराचं चित्र कोलच्या किल्लीने वाचलं तर ढग खलनायक ठरेल. त्या शेतकऱ्यासाठी ढग आणि ऊन दोन्ही हवेत. चित्रातला ढग रंगवताना त्याला धमकीचा आकार द्यायचा की ओथंबलेला, हे त्यावर ठरवा. फाटक्या, टोकदार कडा भीती दाखवतात. गोल, खाली लोंबणारी पोटं आणि सैल ओघळणारी सर यांतून येणारं पाणी दिसतं. टोन तोच, अर्थ बदलतो.

ओला कागद

फार उपयोग झाला, मनापासून आभार. दोन शंका. टर्नरच्या पिवळ्या उजेडाला तरी 'आशा' म्हणता येईल का? आणि जुन्या तैलचित्रांतला काळोख बघताना तो चित्रकारालाच हवा होता हे कसं ओळखायचं?

किलकिले डोळे

टर्नरने १८४३ मध्ये एक जोडी दाखवली. 'शेड अँड डार्कनेस' ही बायबलमधल्या प्रलयाची संध्याकाळ आणि 'लाइट अँड कलर' ही नंतरची सकाळ. दुसऱ्याच्या नावात जर्मन लेखक गोएथेच्या रंगांविषयीच्या सिद्धान्ताचा उल्लेखच आहे. गोएथेच्या मते पिवळा हा उजेडाच्या सर्वांत जवळचा रंग आणि निळा अंधाराच्या. त्या हिशोबाने सकाळचं चित्र तापलेलं, पिवळं-तांबडं, आणि संध्याकाळचं थंड. पण त्याच सकाळच्या चित्राला टर्नरने स्वतःच्या ओळी जोडल्या. त्यांत जमिनीवरून उठणारे ओले बुडबुडे आशेसारखे क्षणात फुटतात. रंग आशेचा आणि शब्द तिच्या फुटण्याचे. तेव्हा पिवळ्याला आशा म्हणा, पण टर्नरपुरतं तिचं आयुष्य किती, तेही त्याच चित्रात बघा.

इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचं मत याला पूरक आहे. १८२१ मध्ये त्याने मित्र जॉन फिशरला लिहिलं की आभाळ हाच निसर्गचित्राचा मूळ स्वर आणि भावनेचं मुख्य अंग. त्या आणि पुढच्या वर्षी त्याने हॅम्पस्टेडला ढगांची ढीगभर तैल-टिपणं केली, काहींच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहून. १८२८ मध्ये पत्नी मारिया वारली. पुढच्या वर्षीचं 'हॅडली कासल' आणि १८३१ चं 'सॉल्सबरी कथीड्रल' बघा. दुसऱ्यात वादळी ढग, त्याच्यापुढे इंद्रधनुष्य, आणि धनुष्याचं टोक फिशरच्याच घरावर टेकलेलं. उजेड 'कशावर पडतो' याचं याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही.

तांबडमाती

जुन्या काळोखाबद्दल. तीन गोष्टी चित्रकाराच्या इच्छेशिवाय काळोख वाढवतात. व्हार्निश वर्षांनी पिवळं-तपकिरी होतं आणि निळं आभाळ हिरवट, पांढरा ढग मधाळ दिसतो. तपकिरी-लाल जमिनीवर (म्हणजे कॅनव्हासवर आधी दिलेल्या थरावर) पातळ रंगवलेल्या चित्रांत वरचा थर काळाने पारदर्शक होतो आणि खालची गडद जमीन वर येते. आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सावल्यांसाठी वापरलेलं बिटुमेन, डांबरासारखं द्रव्य, जे कधी नीट वाळत नाही, काळं पडत जातं आणि मगरीच्या पाठीसारखं तडकतं.

रेम्ब्रांटचं 'द मिल' हे वॉशिंग्टनमधलं चित्र कितीतरी काळ त्याच्या सोनेरी, उदास सांजेसाठी वाखाणलं गेलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते साफ केल्यावर निळसर, स्वच्छ आभाळ बाहेर आलं. गिरणी काळोखी आहेच, ती रेम्ब्रांटची. सोनेरी उदासी व्हार्निशची होती.

ओळखायचं असेल तर चित्रातली पांढरी असायलाच हवी अशी वस्तू शोधा, कापड, शीड, फेस, ढगाची कड. तीसुद्धा पिवळी असेल तर काळोखातला बराच वाटा व्हार्निशचा. सावलीत तडे आहेत आणि उजळ भाग सुरळीत आहे, तर बिटुमेनची शंका घ्या. चित्राची चौकटीखाली झाकलेली कड दिसली तर तीही बघावी, तिथे उजेड कमी पोचलेला असतो आणि रंग कधी कधी मूळचे टिकलेले असतात.

पाणी कमी

एक राहिलं. मोबाइलच्या फोटोवरून काम करत असाल तर काळ्या आभाळापुढच्या उजेडाचा फोटो हमखास फसवतो. कॅमेरा आभाळ उजळवून खाचर जाळतो, किंवा एचडीआर (उजळ-गडद भाग आपोआप जुळवणारी सोय) दोन्ही सपाट करतो. जागेवर उजळ खाचरावर बोट टेकवून एक फोटो आणि आभाळावर टेकवून दुसरा घ्या, आणि दोन्हींचे टोन पेन्सिलने एका रेखाटनात जुळवा. पाच छटा पुरतात. डोळे अर्धे मिटून बघितल्यावर कुठल्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात ते आधी टिपा: बहुतेक वेळा डोंगर आणि ढग. त्या कागदावरही मिसळू द्या, म्हणजे सगळी धार त्या एका खाचराला मिळेल.